डोंगरावरची चराई: गवत नेमकं केव्हा हरतं?

प्रश्न थोडक्यात असा: तोरणमाळच्या बाजूचं एक गाव, सामूहिक वनहक्कात मिळालेलं साधारण ६० हेक्टर गवती पठार, गावाची १५० ढोरं आणि २०० शेळ्या. दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळही येतात. गवत दरवर्षी कमी होतंय, कुसळी गवत आणि तरोट्याचं तण वाढतंय. ग्रामसभेपुढे पाच वर्षं संपूर्ण चराईबंदीचा ठराव आहे. त्याने गवत परत येईल का, आणि दोष मेंढ्यांचा की गावच्या ढोरांचा?

आधी दुसऱ्याचं उत्तर. दोष प्रामुख्याने जून ते ऑक्टोबरमधल्या चराईचा आहे, आणि त्या काळात पठारावर मेंढी नसते. मेंढीला ओल सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून ठेलारी मेंढपाळ पावसाळा साक्री-शिंदखेड्याच्या कोरड्या पट्ट्यात काढतात. ते डोंगराकडे वळतात तेव्हा गवत वाळलेलं असतं, बी सांडून गेलेलं असतं. त्या गवताला जमिनीवरचा पाला गेल्याने फारसा फरक पडत नाही. गावची ढोरं मात्र नेमकी उलट्या वेळी वर असतात. खाली शेतात कापूस, मका, ज्वारी उभी असते, बांधावर ढोर सोडलं तरी भांडण होतं, म्हणून मृगाचा पाऊस पडला की सगळी ढोरं डोंगरावर. पिकं निघाली, रान मोकळं झालं, की ती खाली. खानदेशातल्या जवळपास प्रत्येक डोंगरगावाची हीच रीत आहे. म्हणजे गवत उगवतं, वाढतं, फुलतं आणि बी धरतं तेवढ्याच काळात त्याच्यावर तोंड असतं, आणि त्याला काहीच होणार नसतं तेव्हा ढोरं खाली.

आता गवताच्या बाजूने बघा. शेडा, डोंगरी, मारवेल ही बहुवार्षिक गवतं. उन्हाळ्यात वरून ती मेलेली दिसली तरी ठोंबाच्या बुडाशी कोंब जिवंत असतात आणि मुळांत, बुडख्यात अन्नसाठा असतो. पहिल्या पावसावर जी दोन-तीन हिरवी पाती येतात ती त्या साठ्यातून येतात, स्वतःच्या कमाईतून नव्हे. चौथ्या-पाचव्या पानापासून रोप कमवायला लागतं. त्याआधीच पाती खाल्ली तर साठ्यातून पुन्हा पाती काढावी लागतात. हे दोन-तीनदा झालं की साठा संपतो, मुळं आखडतात, आणि पुढच्या पावसाच्या ताणात ठोंब जातो. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांची उघडीप आमच्याकडे नवलाची नाही. आखूड मुळांचं गवत त्यात टिकत नाही आणि मग ‘पावसाने गवत मारलं’ असं म्हटलं जातं.

किती खाल्लं तर चालतं याचे आकडे अमेरिकेत गवताचे अभ्यासक क्रायडर यांनी १९५५ मध्ये मांडले आणि आजही चराईचं गणित त्यांच्याच आधाराने होतं. पाल्याचा निम्मा भाग काढला तर मुळांची वाढ फक्त दोन-चार टक्क्यांनी अडते. साठ टक्के काढला तर निम्मी मुळं थांबतात. ऐंशी टक्के काढला तर मुळांची वाढ पूर्ण बंद पडते. पन्नास आणि ऐंशीमधलं अंतर डोळ्यांना फार वाटत नाही, पण मुळांच्या लेखी ते जगण्या-मरण्याचं आहे. ‘अर्धं खा, अर्धं ठेव’ या नियमाला आधार यातूनच मिळतो.

पठार कोणत्या पायरीवर आहे हे कोणतं गवत उरलंय त्यावरून कळतं. चांगल्या पायरीवर शेडा आणि डोंगरी, ओलीच्या जागी मारवेल. मारवेलाच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, त्यावरून तो लगेच ओळखू येतो. दाब वाढला की ही ओसरतात आणि पवन्यासारखी वर्षायू गवतं आणि कुसळी पुढे येते. त्याखालच्या पायरीवर आखूड, तारेसारखी, कुसळांचीच गवतं राहतात, मधे मुरूम दिसतो. ढोरं बसतात त्या जागी आणि पाणवठ्याभोवती तरोटा, गाजर गवत. रोशा म्हणजे तिखाडी हा वेगळा विषय आहे. याचं तेल काढायचा धंदा खानदेशात जुना, पण त्याच वासामुळे जून झालेल्या रोशाला ढोर तोंड लावत नाही. शेजारचं गोड गवत खाल्लं जातं, रोशा मोकळा फैलावतो. उतारावर नुसता रोशा माजलेला दिसला तर ते हिरवं आहे म्हणून खूश होऊ नका.

कुसळीला सरसकट शत्रू ठरवू नका. कोवळी असताना, ऑगस्टमध्ये, ती बऱ्यापैकी चारा आहे. तिचं खरं उपद्रवमूल्य ऑक्टोबरपासून. कुसळं पिळवटून शेंड्याला काळपट गुंता होतो, आणि प्रत्येक बी टोकाला अणकुचीदार, मागे वळलेल्या केसांचं. कुसळ ओलं झालं की उलगडतं, सुकलं की पिळतं, आणि त्या पिळाने बी जमिनीत स्क्रूसारखं घुसतं. मेंढीच्या लोकरीतून कातड्यातही तसंच घुसतं. जमिनीत शिरलेलं बी वणव्यातून वाचतं, वर पडलेलं इतर गवतांचं बी जळतं. म्हणून ज्या उतारावर दर फाल्गुनात आग लागते तिथे कुसळीचं राज्य असतं. चराई आणि आग या दोन गोष्टी वेगळ्या काढून डोंगराचा विचार होत नाही. महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला झाडाखालचा पाला जाळतात ती आग पुढे पठारावर गेली, की तीन वर्षांची राखण एका दुपारी जाते.

गवताखेरीजच्या वनस्पतींचं काय, हा भाग सहसा विसरला जातो. सातपुड्यात सफेद मुसळीसारखे कंद आहेत. पाऊस पडला की पानं वर येतात, जुलैत फूल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला वरचा भाग सुकून जातो. म्हणजे कंद पुन्हा भरायला तिला तीनच महिने मिळतात. त्या तीन महिन्यांत पानं ओरबाडली किंवा ओल्या मातीत खुरांनी चिरडली तर कंद दरवर्षी बारीक होतो. मुसळी कमी होण्याचं मोठं कारण खोदणं आहे हे खरं, पण ओल्या मातीतली तुडवण त्याला हातभार लावते. उलट बाजूही आहे. गवत कमरेएवढं माजलं तर त्याखाली बुटकी फुलझाडं, जमिनीवरची ऑर्किडं गुदमरतात. हलकी चराई झालेल्या जागी एका चौरस मीटरमध्ये जाती जास्त मिळतात हे अनेक ठिकाणी दिसतं. पण इथे फसू नका. जातींची नुसती संख्या मोजून ‘चराईने विविधता वाढली’ म्हणणं सोपं आहे. वाढलेल्यांत तरोटा, गाजर गवत आणि रानतुळस असेल तर ती वाढ कामाची नाही. कोणत्या जाती वाढल्या ते लिहा, मगच बोला.

आता पाच वर्षांच्या बंदीबद्दल. पहिली दोन वर्षं ती छान दिसेल. शेड्याचे ठोंब अजून जिवंत असतील तर दुसऱ्या पावसाळ्यातच फरक कळतो. अडचण तिसऱ्या वर्षापासून. न कापलेलं, न खाल्लेलं वाळकं गवत ठोंबातच साचतं, उजेड बुडापर्यंत पोचत नाही, नवे फुटवे येत नाहीत. ठोंब मधून पोकळ होतो आणि कडेनेच हिरवा राहतो. ठोंब दोन हातांनी फाकवून बघा, मधे करड्या काड्याच असतील तर बंदी लांबली आहे असं समजा. वर मार्चमध्ये हे सगळं वणव्याचं जळण. शिवाय ढोरं कमी होत नाहीत, ती शेजारच्या वनात आणि दुसऱ्या गावाच्या हद्दीत जातात, आणि तिथून भांडण परत येतं.

बंदीने उलटं झाल्याची देशातली दोन उदाहरणं नेहमी सांगितली जातात. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान होऊन चराई थांबली. पुढे तिथे पॉलिगोनम जातीचं एक उंच झुडूप फैलावलं आणि ते दरवर्षी उपटावं लागतं. ते चराई थांबल्यामुळेच वाढलं का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणपक्ष्यांच्या उद्यानाचं उदाहरण जास्त स्पष्ट आहे. तिथेही १९८२ मध्ये म्हशी बंद झाल्या, आणि पाण्यातलं गवत इतकं माजलं की पाणपक्ष्यांना मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून ते पुढे आलं. मात्र या उदाहरणांचा उपाय जसाच्या तसा उचलू नका. हिमालयातल्या तीन हजार मीटरवरच्या कुरणांत वाढीचा काळ बर्फ आणि तापमान ठरवतं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. थंडीत इथे दव गोठतं ते खरं, तरी गवताचा हंगाम पाऊसच ठरवतो. उंचीचा फायदा एवढाच की ओल मैदानापेक्षा काही आठवडे जास्त टिकते. त्यामुळे खाली पिवळं पडल्यावरही वर हिरवं दिसतं आणि ढोरं ऑक्टोबरभर वरच रेंगाळतात, म्हणजे ऐन बी धरण्याच्या वेळी.

मग करायचं काय? आधी हिशेब मांडा. तीनशे किलोचं गावरान ढोर दिवसाला साडेसहा किलो वाळका चारा खातं. सहा शेळ्या म्हणजे एक ढोर धरा, आणि शेळी निम्मं पोट झुडपांवर भरते म्हणून त्याचं निम्मं. तुमच्या २०० शेळ्या १७ ढोरांइतक्या होतात, एकूण १६७. दिवसाला सुमारे १,०८५ किलो. पठाराची आजची अवस्था सांगता त्यावरून हेक्टरी बाराशे किलो वाळकं गवत धरू, प्रत्यक्षात मोजून घ्या. निम्मं ठेवलं तर हेक्टरी ६०० किलो वापरायला, ६० हेक्टरांत ३६ टन. म्हणजे ३३ दिवसांचा चारा. ढोरं मात्र वर १२० दिवस असतात. बाकीचं ती राखायचं अर्धं खाऊन, नाल्याकाठी, जंगलात आणि अर्धपोटी भागवतात. नुसती वेळ बदलून हे चौपट अंतर भरणार नाही हे ग्रामसभेत स्पष्ट सांगा, नाहीतर दुसऱ्या वर्षी योजना मोडेल.

पठाराचे २० हेक्टरांचे तीन तुकडे करा. कुंपण नको, परवडत नाही आणि टिकत नाही. हद्द नाला, धार, मोठं झाड अशी धरा आणि गुराख्यांना पायी फिरवून दाखवा. पहिला तुकडा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे स्वाती नक्षत्रापर्यंत, पूर्ण बंद. दुसरा आश्लेषा संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद, मग महिनाभर चराई, उत्तरा लागल्या की पुन्हा बंद. तिसरा सुरुवातीपासून उघडा. सगळ्यात खराब, कुसळी-तरोट्याचा तुकडा पहिल्या वर्षी तिसरा करा. त्याचं आणखी वाईट व्हायला फार उरलेलं नसतं, आणि कुसळी कोवळी असतानाच खाल्ली गेली तर तिचं बीही कमी धरतं.

पुढच्या वर्षी फेर असा: पहिला तुकडा दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, तिसरा पहिल्याच्या. हा क्रम उलटा करू नका. पूर्ण बंद ठेवलेल्या तुकड्यात बी पडतं, ते पुढच्या मृगात उगवतं, आणि त्या रोपांना ऑगस्टपर्यंत कुणी हात लावला नाही तरच ती मुळं धरतात. बंद तुकडा पुढच्याच जूनमध्ये उघडला तर वर्षभराची राखण रोपांसकट खाल्ली जाते. योजना फसलेल्या गावांत बहुतेक वेळा हीच चूक असते.

दुसरा तुकडा उघडताना तारखेपेक्षा गवत बघा. शेडा वीतभर, म्हणजे पंधरा-वीस सेंटीमीटर झालेला हवा. मूठभर पाती धरून ढोर ओढतं तशी झटक्याने ओढा. पाती तुटली तर उघडा. ठोंब हलला किंवा मुळासकट आला तर आठ-दहा दिवस थांबा. बाहेर काढतानाही मोजमाप ठेवा: चार बोटं, आठ-दहा सेंटीमीटर गवत उभं राहायला हवं. जोराचा पाऊस चालू असेल तर दोन दिवस ढोरं आतच नेऊ नका. ओल्या मातीत खूर रुतून जे खड्डे पडतात ते सुकल्यावर विटेसारखे घट्ट होतात, तिथे पाणीही मुरत नाही आणि कोंबही फुटत नाही.

बंद तुकडा दिवाळीनंतर कापायचा, न चुकता. विळ्याने, चार बोटं बुडखा ठेवून. राखलेल्या तुकड्यात हेक्टरी दोन टन आलं आणि त्यातलं साठ टक्के कापलं तर २० हेक्टरांत २४ टन होतं. तुमच्या ढोरांचा बावीस दिवसांचा चारा. तो गंजीत ठेवा आणि डिसेंबरात संपवू नका. तो पुढच्या मृगासाठी आहे. जून-जुलैत ढोरं गोठ्यात थांबली पाहिजेत तर समोर टाकायला काहीतरी लागतं. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा मिळाला तर मिसळून द्या. फुलोऱ्याआधीच्या गवतात सातेक टक्के प्रथिनं असतात, नोव्हेंबरच्या वाळक्या गवतात तीनच्या आसपास, त्यामुळे नुसत्या गंजीवर दुभतं ढोर टिकणार नाही. त्याला ढेप द्यावीच लागेल. गंजीभोवती दहा फूट जमीन मोकळी करा, आणि पठाराच्या कडेने वणवा अडवायचा जाळपट्टा पौषातच काढा, होळीची वाट बघू नका.

बी बाहेरून टाकायचं का? पठारावर शंभर पावलांत पंधरा-वीस ठिकाणी शेडा-डोंगरी सापडत असेल तर नको, राखण पुरे. त्याहून कमी असेल तर राखलेल्या तुकड्यातलं बी ऑक्टोबरअखेर ओरपून घ्या, कोरडं ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये वापरा. ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते, नोव्हेंबरात पेरलेलं उगवत नाही. हलकं ओरखडून वर मातीचा पातळ थर, एवढंच. खोल गेलं की संपलं.

मेंढ्यांबद्दल. मेंढी जमिनीलगत दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत खाते, म्हणून पावसाळ्यात ती ढोरापेक्षा घातक ठरली असती. पण डिसेंबर-जानेवारीत कापलेल्या तुकड्यावर तिचा उपयोगच आहे. उरलेल्या काड्या खाल्ल्या जातात, जळण कमी होतं, कोरड्या जमिनीवरची बारीक खुरं सांडलेलं बी मातीत दाबतात. वाडा एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त बसवू नका, नाहीतर तिथे तरोट्याचं रान होईल. बसवायचाच तर खाली शेतात बसवा, खत तिथे हवं असतं. एक मात्र तपासा: वाडा वेड्या बाभळीच्या पट्ट्यातून आला असेल तर शेंगांचं बी लेंड्यांतून येतं. आल्यावर पहिले तीन-चार दिवस पठाराखाली थांबवा. वनहक्क कायदा २००६ मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही आहे. तेव्हा ‘येऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘कधी या, कुठे थांबा’ हे बोलणं कायद्याला धरून आहे आणि पठाराच्याही फायद्याचं. काठेवाडी, म्हणजे गुजरातेतल्या भटक्या पशुपालकांची, गुरं आली तर त्यांनाही तोच नियम, पण गायी मोठ्या आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे त्यांचा हिशेब दिवसांवर आधी ठरवून घ्या.

शेळ्यांना गवताच्या तुकड्यांचं बंधन कमी ठेवलं तरी चालेल, पण अंजन आणि खैराची रोपं जिथे वर येत आहेत तिथून त्यांना लांब ठेवा. घाणेरी मात्र शेळीही खात नाही. ती पावसाळ्यात, माती ओली असताना, मुळासकट खणूनच काढावी लागते. नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

मोजणी दरवर्षी एकाच वेळी, हस्ताच्या सुमारास करा. प्रत्येक तुकड्यात सरळ रेषेत शंभर पावलं चाला आणि प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहा: शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी, रोशा, तरोटा, उघडी माती. शंभर पावलं म्हणजे थेट टक्केवारी. मग दहा ठिकाणी एक मीटर चौकट टाकून चार बोटं ठेवून गवत कापा, सुकवून तोला. चौरस मीटरला जेवढे ग्रॅम, त्याच्या दसपट किलो हेक्टरला. शिवाय प्रत्येक तुकड्यात पाच बाय पाच मीटरची एक जागा काट्यांच्या फांट्यांनी कायमची बंद ठेवा. ती नसेल तर पाऊस चांगला झाला म्हणून गवत वाढलं की राखल्याने, हे कुणालाच सांगता येणार नाही. शेडा-डोंगरीचा आकडा पहिल्या वर्षी हलला नाही तरी घाबरू नका. आधी उघडी माती कमी व्हायला हवी. दोन पावसाळ्यांनंतरही ती कमी झाली नाही, तर चोरून चराई होतेय किंवा ढोरांचा आकडा कमी सांगितला गेलाय. त्या वेळी सकाळी ढोरं वर निघतात त्या वाटेवर उभं राहून मोजा.